बेड बदलला, पण मॉनिटरवर आधीच्या पेशंटचं नाव तसंच

रात्रपाळी
आयसीयूत स्टाफ नर्स आहे. परवा पहाटे ४ नंबर बेडवर नवीन पेशंट आला. घाईघाईत लीड्स लावल्या, बोटाला प्रोब लावला, आकडे आले आणि मी पुढच्या कामाला लागले. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सिस्टर, हे तर आमच्या शेजारच्या काकूंचं नाव. त्या इथे होत्या? काय झालं होतं?" माझ्या पोटात गोळाच आला. काकूंना आदल्या संध्याकाळी वॉर्डात हलवलं होतं. कुणाला कळू देऊ नका, असं त्यांनी मला हात धरून सांगितलं होतं. मॉनिटर मी स्टँडबायला टाकला होता. तेवढ्याने नाव जात नाही का? शिवाय हृदयाचा रिदम दाखवायला आम्ही ऑनकॉल डॉक्टरांना स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्याचं काय करावं?

बायोमेडिकलवाला
नाही जात, सिस्टर. स्टँडबायमध्ये मोजणी आणि अलार्म थांबतात, पेशंटची माहिती आत तशीच राहते. मॉनिटरच्या मेनूतलं 'डिस्चार्ज पेशंट' करायलाच हवं. बऱ्याच मॉडेल्समध्ये मशीन बंद करूनही ट्रेंड, म्हणजे आधीच्या आकड्यांची साठवलेली नोंद, पुसले जात नाहीत. आणि नुसतं नाव फुटण्यापुरतं हे नाही. नव्या पेशंटचे आकडे जुन्याच्याच ट्रेंडला जोडले जातात. रात्री २ वाजता बीपी पडलेलं दिसतं, डॉक्टर ते याच पेशंटचं समजतात! सेंट्रल स्टेशनवरचा, म्हणजे सगळ्या बेडचे आकडे एकत्र दिसतात तिथला, इतिहास डिस्चार्जनंतरही राहू शकतो, म्हणून तिथे प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. दुरुस्तीला मशीन देतानाही आधी डेटा पुसा, हे हमखास राहून जातं.

दाराबाहेरचा
माझे वडील आयसीयूत होते तेव्हा सेंट्रलचा स्क्रीन थेट दाराकडे तोंड करून होता. बाहेर बसून आम्ही सगळ्यांची नावं आणि पल्स वाचायचो. वाईट वाटायचं, पण नजर तिकडेच जायची. मी सांगितल्यावर तिथल्या सिस्टरनी तो लगेच फिरवला. नावं झाकता येत नाहीत का?

बायोमेडिकलवाला
बऱ्याच सिस्टीममध्ये येतात. सेंट्रलवर फक्त बेड नंबर ठेवा. बेडजवळच्या मॉनिटरवरून मात्र ओळख पार काढू नका, एकाच आडनावाचे दोन पेशंट असले की घोटाळा होतो. तिथे नोंदणी क्रमांक ठेवा आणि मनगटाच्या पट्टीशी ताडून बघा.

रात्रपाळी
आजपासून बेड रिकामा झाला की आधी डिस्चार्ज, मग चादर. फोटोंचं मीच विचारलं होतं, तर घरी येऊन गॅलरी उघडली. मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये कुणाचा तरी ईसीजी, वरच्या पट्टीत पूर्ण नाव. बॅकअपलाही गेलेला. गॅलरीतून, ट्रॅशमधून, बॅकअपमधून सगळे काढले. इन्चार्ज सिस्टरांकडे वॉर्डाचा वेगळा फोन मागितलाय, तोवर वरची पट्टी कापल्याशिवाय फोटो जाणार नाही.

काकूंना वॉर्डात जाऊन झालेलं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्याला आकडेही दिसले का?" दिसले होते. तेही सांगितलं.