मदत हवी आहे: अतिसंवाहकातील स्पिन आणि विद्युतभार यांचे संकेत वेगळे कसे ओळखावेत?

सांगलीत एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी टिपण तयार करत आहे. कूपर जोडीचा (अतिसंवाहकात जोडीने वावरणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांचा) एकूण स्पिन शून्य आणि भार इलेक्ट्रॉनच्या दुप्पट, इथपर्यंत अडचण नाही. मात्र 1957 च्या बीसीएस (बार्डीन-कूपर-श्रिफर) सिद्धांतानुसार ऊर्जाफटीच्या (जोडी तोडण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) काठावरील क्वासिकण (जोडी तुटल्यावर मिळणारे, कणासारखे वागणारे उत्तेजन) हा इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांचे समसमान मिश्रण असल्यामुळे त्याचा सरासरी भार शून्य होतो, स्पिन मात्र अर्धाच राहतो. हे गणित हाताने सोडवून पडताळले आहे आणि उरलेला भार कूपर जोड्यांच्या संघनितात (एकाच अवस्थेतील समूहात) जातो, हेही पटते. आमच्याकडे द्रव हेलियम नाही, त्यामुळे सुमारे 1.2 केल्विनला अतिसंवाहक होणाऱ्या ॲल्युमिनियमवर स्वतः मोजमाप करणे शक्य नाही (द्रव नायट्रोजनवर चालणारी सिरॅमिक चकती आहे, पण तिच्यातील ऊर्जाफट दिशेनुसार बदलते, म्हणून ती इथे निरुपयोगी). ॲल्युमिनियमच्या तारेत लोहचुंबकीय इलेक्ट्रोडमधून स्पिन सोडल्यावर दूरच्या इलेक्ट्रोडवर जो व्होल्टेज मिळतो, त्यातील स्पिनचा भाग वेगळा काढण्यासाठी शोधक इलेक्ट्रोडचे चुंबकन उलटवून फरक घेणे पुरेसे असते, की भार-असंतुलनाचा (इलेक्ट्रॉनसारखे व होलसारखे क्वासिकण सारखे नसल्याने उरणाऱ्या भाराचा) काही अंश त्या फरकातही शिल्लक राहतो?