बेळगावच्या बायकांवर प्रयोग बंद करा म्हणणाऱ्यांना

खानापूरची लेक
काल इथं एकानं लिहिलं, 'आमच्या गरोदर बायका परदेशी डॉक्टरांच्या प्रयोगाचे उंदीर झाल्यात, सगळं बंद करा.' डोकंच फिरलं. मिसोप्रोस्टॉल म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारी गोळी, तिचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला, १६२० बायका होत्या. गोळी दिली ती नर्सबाईंनी, घरी नाहीतर उपकेंद्रात. बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव १२ टक्के होता तिथं ६.४ झाला. त्याच कामाचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, थंड ठेवावं लागतं, टोचायला माणूस लागतं. ही गोळी नर्सबाईच्या पिशवीत राहते. २००६ साली निकाल छापून आला, २०११ला जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ती अत्यावश्यक औषधांत घेतली. माझी चुलत जाऊ पहिलटकरीण, जंगलाकडच्या गावात रक्त जाऊन वारली. जीप येईपर्यंत संपलं होतं. बंद करा हे तिच्या आईसमोर जाऊन म्हणा.

येळ्ळूरकर
ताई, दुःख मान्य. पण निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी दिली, ते का गाळलंत? रक्त त्यांचंही गेलंच की. जगाला उत्तर मिळालं, त्यांना काय?

खानापूरची लेक
घरच्या बाळंतपणात नर्सबाईंना तेव्हा इंजेक्शन देण्याची मुभाच नव्हती. अभ्यास झाला नसता तर त्या १६२० जणींपैकी एकीलाही काही मिळालं नसतं.

सीमाभागी
संमतीच्या सह्या कुठल्या भाषेतल्या कागदावर घेतात ते आधी बोला. माझ्या वहिनीकडून एका दवाखान्यात कानडी कागदावर अंगठा घेतला. ऑपरेशनचा की बिलाचा, तिला आजही ठाऊक नाही.

चंदगडी
भाषेचं सोडा, पैशाचं बोला. २०२३ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना मोफत उपचाराची महात्मा फुले योजना लागू केली, तर कर्नाटक सरकार अडवायला उभं. आजारी माणसाला कसली सीमा? आम्ही महाराष्ट्रातल्या चंदगडचे उपचाराला बेळगावलाच येतो ना?

हुक्केरीकर
महाराष्ट्राला निवडणुका जवळ आल्या की सीमाभाग आठवतो. आमच्याकडं कर्नाटकाचं आरोग्य कार्ड चालतंय, बास.

सीमाभागी
चालतंय? कार्ड घेऊन सकाळपासनं रांगेत बसलास कधी? घरात आजारी माणूस नसलं की असलं बोलायला सुचतं.

हुक्केरीकर
माझ्या वडिलांचं डायलिसिस त्याच कार्डावर झालंय. तोंड सांभाळून बोल.

खानापूरची लेक
भांडा, पण धागा बाळंतिणींचा आहे. प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देण्याचा अभ्यास बेळगाव, नागपूर आणि इतर सहा देशांत झाला, निकाल २०२३चा. आईला सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू, २.४ वरून १.६ टक्के.

येळ्ळूरकर
बाळांना फरक पडला नाही, तेही त्यातच आहे.

खानापूरची लेक
आहे. तपासल्याशिवाय तेही कळलं नसतं.

येळ्ळूरकर
बरं, बंद करा म्हणत नाही. पण कागद मराठीत द्या, घरच्यांसमोर वाचून दाखवा, आणि निकाल लागला की त्याच गावात येऊन सांगा. आमच्या गल्लीत नाव लिहून नेलं, परत कोणी आलं नाही.

खानापूरची लेक
यावर माझी सही घ्या. सीमाभागी, वहिनीचा तो कागद अजून असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून देते, घेऊन या.