आजारपणात बुडालेल्या कमाईसाठी सामायिक निधी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं घेते. नोकरी नाही, त्यामुळे आजारपणाची रजाही नाही. आरोग्यविमा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मनगटाच्या शस्त्रक्रियेचं बिल त्यातूनच भागलं. पण पट्टी सुटेपर्यंत टाइप करता येईना आणि तेवढा काळ कमाई शून्य. नेहमीच्या ग्राहकांनी तोवर दुसरी माणसं गाठली ते वेगळंच.

मग बुडालेली कमाई भरून देणारा विमा शोधायला घेतला. अर्जात पहिलाच रकाना 'नोकरी देणाऱ्याचं नाव'. तिथे स्वतःचं नाव टाकलं की पुढचा रकाना पगारपत्रक मागतो. बिलं दाखवली तर म्हणे उत्पन्न अनियमित आहे. अहो, अनियमित आहे म्हणूनच तर विमा हवाय! शिवाय 'काम करण्यास असमर्थ' म्हणजे 'कुठलंच काम करता येत नाही' अशी अट. मी फोन उचलू शकते, म्हणजे त्यांच्या लेखी मी धडधाकट.

आता ओळखीतले काही जण मिळून निधी काढायच्या विचारात आहोत. नेदरलँड्समध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचा सक्तीचा अपंगत्व विमा २००४ मध्ये बंद झाला आणि २००६ पासून तिथे 'ब्रोडफोंड्स' नावाचे गट उभे राहिले. गटात २० ते ५० माणसं. प्रत्येक जण दरमहा स्वतःच्याच खात्यात ठरावीक रक्कम टाकतो. कोणी आजारी पडलं की सगळ्यांच्या खात्यातून थोडे थोडे पैसे त्याला भेट म्हणून जातात, जास्तीत जास्त दोन वर्षं. गट सोडला तर शिल्लक आपली. मला हे 'स्वतःच्याच खात्यात' फार आवडलं. खजिनदार नेमा आणि मग त्याच्याकडे संशयाने बघत बसा, ही भानगड नाही.

अडतंय ते असं : आजारपण खरं की नाही हे कोणी ठरवायचं? आधीपासून मधुमेह किंवा पाठदुखी असलेल्याला घ्यायचं का? आणि आमच्यात अ‍ॅपवर गाडी चालवणारा एक मुलगा आहे, त्याची कमाई आठवड्यागणिक बदलते, त्याला किती द्यायचं? कोणी असा निधी चालवला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

खडूफळा : ताई, निधीच्या आधी तुमच्या देशाच्या सार्वजनिक योजनेत ऐच्छिक सभासदत्व मिळतं का ते बघा. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. जर्मनीत सरकारी आरोग्यविम्यात स्वेच्छेने आलेला स्वयंरोजगारित उत्पन्नाच्या १४ टक्क्यांऐवजी १४.६ टक्के मूळ वर्गणीचा पर्याय निवडतो आणि त्याला ४३व्या दिवसापासून आजारभत्ता मिळतो. पहिले सहा आठवडे मात्र ज्याचे त्याने निभवायचे. नोकरदाराला तेवढे दिवस मालक पूर्ण पगार देतो, खरी दरी तिथेच आहे. फ्रान्सने १ जुलै २०२१ पासून स्वतंत्र व्यावसायिकांनाही चौथ्या दिवसापासून भत्ता सुरू केला, कमाल ९० दिवस.

उंटावरचा : कागदावर हक्क असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. युरोपीय संघाच्या परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये याच विषयावर शिफारस केली, त्यातही औपचारिक संरक्षण आणि प्रत्यक्ष संरक्षण असे दोन भाग केलेत. सलग इतके महिने वर्गणी हवी म्हटलं की तुटक काम करणारा आपोआप बाहेर. आणि शिफारस म्हणजे शिफारस, बंधन नाही.

निवांत_नलू : आम्ही चित्रकार-छायाचित्रकारांचा असा गट चालवतो. खरं-खोटं ठरवायला समिती अजिबात नेमू नका, मैत्री तुटते. डॉक्टरांचा दाखला, त्यात आजाराचं नाव नको, फक्त 'अमुक काम अमुक तारखेपर्यंत करू नये' एवढं. तुमच्या मनगटासारख्या बाबतीत 'असमर्थ' म्हणजे 'स्वतःचं नेहमीचं काम करता न येणं' ही व्याख्या नियमातच लिहा. जुना आजार असलेल्याला आम्ही घेतो, पण त्या आजारासाठी सुरुवातीचा काही काळ लाभ नाही. आणि नवा माणूस ओळखीचाच हवा, ही अट सगळ्यात उपयोगी पडली. गाडीवाल्या मुलाच्या कमाईचा हिशेब करत बसू नका. भत्त्याचे दोन-तीन ठरीव टप्पे करा, ज्याने जो निवडला तेवढीच त्याची वर्गणी.

उंटावरचा : एकाच वेळी चौघे आजारी पडले तर?

निवांत_नलू : साथीत तसं झालं होतं. प्रत्येकाचा भत्ता सारख्याच प्रमाणात कमी केला. ते आधी लिहून ठेवलं होतं म्हणून कुरकुर झाली नाही. लांबलेल्या आजाराला मात्र असा निधी पुरत नाही, त्यासाठी अपंगत्व विमा वेगळा हवाच.

धागाकर्ती : नलूताई, खूप आभार. टप्प्यांची कल्पना आजच गटात मांडते. एकच शंका राहिली : बाळंतपणाला आजारपण धरता का, की त्याचा निधी वेगळा? आमच्यातल्या दोघी हेच विचारतायत, आणि पुरुषमंडळी उत्तर द्यायचं टाळतायत.