शब्दचर्चा : क्रिप्स यांची ‘काटकसर’

शाईदौत : सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्यावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘ऑस्टेरिटी’ या शब्दापाशी अडलो आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये ते ब्रिटनचे अर्थमंत्री झाले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये प्रकृतीमुळे पायउतार झाले. त्या काळातील त्यांच्या धोरणाला हा शब्द कायमचा चिकटला आणि त्यांच्या राहणीलाही तोच लावतात. कारण वकिलीत अमाप पैसा मिळवूनही हा गृहस्थ शाकाहारी, धर्मनिष्ठ आणि कमालीचा साधा राहिला. मी दोन्हीकडे ‘काटकसर’ लिहिले, तर संपादकांनी दोन्हीकडे लाल रेघ ओढली.

काठपदर : संपादकांचे बरोबर आहे. काटकसर आपण आपल्या पैशांत करतो. सरकारने ती लोकांवर लादली की तिला निराळा शब्द हवा. महायुद्धातही पावावर रेशन नव्हते, ते १९४६ ते १९४८ या काळात आले. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटे खुली केली, तर दुकाने अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये पुन्हा रेशन लावावे लागले. माझी आजी साखर चमच्याने मोजून घाली, ती काटकसर. दुकानात साखरच नसे, ती टंचाई.

शाईदौत : टंचाई ही परिस्थिती झाली, धोरण नव्हे. क्रिप्स यांच्या काळात माल तयार होत होता, परंतु डॉलर मिळवण्यासाठी तो परदेशी पाठवता यावा म्हणून घरचा वापर जाणूनबुजून आवळलेला होता.

मुळाक्षर : मुळात ‘कसर’ हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ अपूर्णांक, तूट असा आहे. आपल्याकडे ‘मितव्यय’ असताना ही उसनवारी कशाला?

काठपदर : ‘मितव्यय’ वाचला की मला कचेरीतले परिपत्रक दिसते. आमचे वडील तर कपड्यांना लागणारी कसर आणि काटकसरीतली कसर एकच मानत. दोन्हींनी अंगावरचे वस्त्र विरते, असे ते म्हणत. व्युत्पत्ती चुकीची असेल, पण क्रिप्स यांच्या ब्रिटनला ती चपखल बसते.

वाकनीस : क्रिप्स म्हटले की मला १९४२ मध्ये त्यांनी भारतीय नेत्यांशी केलेली बोलणी आठवतात. शाळेत मी ‘क्रिप्स शिष्टाई’ असे लिहिले होते, ते गुरुजींनी खोडून ‘क्रिप्स योजना’ केले. शिष्टाई फक्त कृष्णाची, असे त्यांचे मत होते.

मुळाक्षर : गुरुजी चुकले. शिष्टाई म्हणजे मध्यस्थी. ती कुणीही करू शकतो.

काठपदर : मध्यस्थाच्या हाती थोडे देण्या-घेण्याचे तरी असावे लागते. क्रिप्स मार्चमध्ये दिल्लीला आले ते चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळाने मंजूर केलेला मसुदा घेऊन. त्यापलीकडे जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा लंडनहून लगाम खेचला गेला. याला फार तर वकिली म्हणता येईल, आणि ते नामांकित बॅरिस्टर होतेच.

वाकनीस : मग कृष्ण तरी तटस्थ कुठे होता? तोही पांडवांच्याच बाजूचा होता, शिवाय पाच गावांखाली उतरायला तयार नव्हता, आणि तरीही आपण त्याला शिष्टाईच म्हणतो.

शाईदौत : आपले म्हणणे मान्य आहे, माझ्या लेखात १९४२ चेही एक प्रकरण आहे, तिथे ‘शिष्टाई’ ठेवतो. ‘ऑस्टेरिटी’ची जागा अजून कोरीच आहे.

मुळाक्षर : ‘शिष्टाई’ ठेवण्याआधी एक विचारतो : तिच्यातला ‘आई’ हा प्रत्यय ‘चतुराई’तलाच ना?