"मुलगा काय करतो हल्ली?" यावर तुम्ही काय सांगता?

निशिगंध
काल दवाखान्यात शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "मुलं किती? काय करतात?" आणि सात वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. तेव्हा मी "बाहेरगावी असतो" म्हणायचे. मग कुठे, कसली नोकरी, लग्नाचं काय... घरी येऊन त्या थापा वहीत लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी फरक पडायला नको म्हणून.

त्याचे बूट अजून दाराशी आहेत. नाडी न सोडता पाय ओढून काढायची सवय, त्यामुळे ती गाठ त्याच्याच हातची. बूट पुसते, गाठीला हात लावत नाही.

काल म्हटलं, "तुरुंगात आहे. महिन्यातून एकदा भेटून येते." बाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, जपतायत. पण मला नीट बसायला जागा करून दिली होती.

तुमचं लिहा.

बाबा६१
माझ्या मुलाने गुन्हा केलाय आणि कबूलही केलाय. ज्याला लागलं त्यालाही आई आहे, तिच्यापुढे माझं दुःख मांडायला जीभ रेटत नाही. पण लोक विचारतात, "तुम्हाला आधी कळलं कसं नाही?" अहो, रात्रभर मी तेच विचारतो स्वतःला.

सईची आई
नणंदेकडचं कार्य. बोलावणं काय, तर "जमलं तर या". सख्ख्या भावाला जमलं तर! नाही गेलो. दूध ठेवलंय, येते.

आभा_स
कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम करते म्हणून लिहितेय. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की कलंक जवळच्या माणसांनाही चिकटतो. समाज ज्याला दुःखच मानत नाही अशा दुःखावर केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं. माणूस गेला तर लोक भेटायला येतात, तुमच्या दारी कुणी येत नाही, ते हेच. कुणाला किती सांगायचं हे घरी बसून आधीच ठरवा. परक्याला "त्यावर नको बोलायला" एवढं पुरे. ते खोटं नाही.

निशिगंध
आभा, तसं म्हटलं की लोक जास्तच उकरतात गं.

धाकटीचे बाबा
सहा वर्षांच्या लेकीला "दादा कामाला गेलाय" सांगितलं. खरं तिला वर्गात कळलं, तेही चिडवण्यातून. चूक आमची. आता बाईंना सगळं सांगून ठेवलंय, कुणी काही बोललं की त्या तिला जवळ बसवतात. निदान शाळेत तरी आधी सांगून ठेवा.

सईची आई
दूध वाचलं. निशिगंधताई, ते बुटांचं वाचून उठले आणि त्याची खोली उघडली. तीन महिन्यांनी. नुसती खिडकी उघडून आले.

बाबा६१
बरं केलंत. तुरुंगात भेटीला जाताय ना?

सईची आई
उद्या पहिलीच. ह्यांना जमत नाही म्हणतात, मी एकटीच. काय नेऊ देतात?

बाबा६१
तिथेच विचारून मग न्या, जागोजागी नियम वेगळे. ओळखपत्र मूळ घ्या, मी छायाप्रत नेली आणि दारातून परत आलो. वेळेच्या बऱ्याच आधी जा, रांग असते. आणि पहिल्या भेटीत काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्या, समोर पाहिलं की काही सुचत नाही.

निशिगंध
सईची आई, मी जागी आहे. झोप नाही आली तर लिही.