मदत हवी आहे: झूप्रॅक्सिस्कोपच्या तबकडीसाठी चित्र किती आणि कसं ताणायचं?

विज्ञान प्रदर्शनासाठी छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७९ च्या झूप्रॅक्सिस्कोपचं (फिरत्या तबकडीवरची चित्रं पडद्यावर हलती दाखवणारं यंत्र) चालतं मॉडेल करतोय. मूळ यंत्र आणि बहुतेक तबकड्या लंडनमधल्या किंग्स्टन संग्रहालयात आहेत. ३० सेंमी ॲक्रिलिक तबकडीवर पारदर्शक फिल्मची १२ चित्रं, समोर तितक्याच फटींची काळी तबकडी, त्याच वेगाने उलट फिरणारी. हालचाल सुरेख दिसते, पण घोडा पडद्यावर आडवा आक्रसतो. फट ६ वरून ३ मिमी केली. कडा रेखीव झाल्या, उजेड घटला, आक्रसणं तेवढंच. मायब्रिज म्हणूनच आकृत्या मुद्दाम लांबट काढून घेई. फटींऐवजी लुकलुकता दिवा नको, मुलांना त्रास होतो.

हिशेबाने दुप्पट ताणायला हवं. ते सरळ रेषेत, की तबकडीच्या केंद्राभोवती कोनात? आणि गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोनातलं ताणणं कसं करायचं?