अवे फॅन्सना आत थांबवून ठेवण्याबद्दल
फुटबॉल मॅच संपल्यावर अवे फॅन्सना, म्हणजे पाहुण्या टीमच्या फॅन्सना, स्टेडियमच्या आत थांबवलं की भांडणं होत नाहीत असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. थांबवा, पण किती वेळ ते आधी सांगा, टॉयलेट आणि पाणी चालू ठेवा. बंद गेटसमोर मागचे पुढे सरकत राहतात, त्यांना पुढचं काही दिसतच नाही, आणि पुढच्याला हात वर काढायलाही जागा उरत नाही. १९८९ च्या, इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेत ९७ जीव गेले ते मारामारीत नाही हो, आधीच भरलेल्या भागाकडे जाणारा बोगदा बंद न करता गेट उघडलं म्हणून. २०२२ च्या पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीग फायनललाही गेटवरच्या गोंधळाचं खापर आधी फॅन्सवरच फोडलं, चौकशीत मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची निघाली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने अवे फॅन्सचं तिकीट ३० पाउंडांवर रोखलं ते उत्तमच, पण खांबामागच्या सीट्स अवेवाल्यांच्या माथी मारणंही बंद व्हायला हवं.